एकाचे अनेक

आई, तुझ्या लेकीचा नमस्कार.

रात्रभर झोपले नाही, इंग्रजीतले एकाचे अनेक घोकत बसले. शुक्रवारी परीक्षा आहे. पास झाले तरच लॉन्ड्रीतलं काम आणि ही खोली राहणार.

दादा म्हणाला होता, शेवटी ‘स’ लावला की झालं. कसलं काय! शर्टला लागतो, पण बायकांना नाही, पोरांना नाही. मेंढ्या शंभर असल्या तरी शीपच. वीट आलाय मेल्या भाषेचा, वही बघितली तरी शिसारी येते.

छकुली मजेत आहे, दोन दात आलेत. तुझे गुडघे कसे आहेत?

जे कोणी वाचून दाखवताय, पुढचं आईला ऐकवू नका. मी दोनदा नापास झालेय, ही शेवटची संधी. खोली गेली तर छकुलीला कुठे ठेवू? तिला न्यायला ये म्हणावं, माझ्या दादाला एवढा फोन करा.