डावी वर, उजवी पुढे

दि. ३ मार्च

ताई,

नमस्कार. भावजींना वेगळा नमस्कार, आणि छकुलीच्या दोन्ही गालांचा एकेक पापा. तुम्ही सगळे बरे असाल असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहीत नाही, खरंच विचारतोय. बरे आहात ना?

फोन का केला नाही म्हणून चिडू नकोस. फोनवर तू मध्येच बोलतेस, मी 'हो हो' करतो आणि सांगायचं ते राहून जातं. शिवाय तू न विचारता फोन भावजींच्या हातात देतेस. त्यापेक्षा पत्र बरं. पोस्टातल्या बाई पाकीट उलटंसुलटं करून म्हणाल्या, "लग्नपत्रिका का?" म्हटलं, नाही हो, साधं पत्र आहे, बहिणीला. त्यांना काही ते पटलं नाही.

इकडे सगळं ठीक. खोलीतला नळ गळायचा थांबला, आता दारच लागत नाही. जेवतो वेळेवर. (हे वाचून तू 'खोटारडा' म्हणालीस, मला ऐकू आलं.) भावजी ऑफिसात येत नाहीत तेव्हापासून त्यांची टोपी खुंटीला तशीच आहे. ड्रोनचे फोटो तपासायच्या टेबलावरच्या बाई रोज तिच्याकडे बघतात आणि मग माझ्याकडे बघतात. त्यांच्या मनात काहीही नसेल, पण मी उठून बाहेर जातो.

तू मागे विचारलं होतंस की जानेवारीत साहेबांनी मला कसली मुदत दिली होती. तुला समजेल असं सांगतो. ड्रोन उडवायच्या कंट्रोलरला दोन स्टिक असतात, दोन अंगठ्यांसाठी. आमच्याकडे सगळे डाव्या पद्धतीने उडवतात: डावी स्टिक वर ढकलली की ड्रोन वर चढतो, उजवी ढकलली की पुढे जातो. मी लहानपणी घड्याळवाल्या काकांकडे खेळण्यातलं विमान उडवायला शिकलो ते नेमकं उलटं. उजवीने वर, डावीने पुढे. वीस वर्षं अंगठ्यांना तेच वळण. कंट्रोलरच्या आत एक सेटिंग असतं, ते बदललं की झालं. बाहेरून बघून मात्र काही कळत नाही. म्हणून साहेब म्हणाले, कंट्रोलर सगळ्यांच्या हातात फिरतो, तेव्हा पद्धत एकच हवी. आठवडाभरात डाव्यावर ये, नाहीतर उडवणं सोड. मी डाव्यावर आलो. मैदानात परीक्षा घेतली, पास झालो, कागदावर सही केली. भावजींनीच सगळ्यांना चहा पाजला होता.

असो. तू लिहिलंस की ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. छकुलीला उचलत नाहीत, ती हात वर करून उभी राहते आणि ते मान वळवतात. ताई, हे मी चार वेळा वाचलं. त्यांच्या वडिलांचे हात थरथरायचे हे मला माहीत आहे, पण म्हणून यांचेही तसेच होतील असं कुठे आहे? डॉक्टर काय म्हणाले ते लगेच कळव. आणि गुरुवारी बारा तारखेला ते अपघाताच्या चौकशीच्या कागदावर 'चूक माझी' म्हणून सही करणार, लायसन्सही परत देणार, हे खरं का? त्यांना म्हणावं, घाई करू नका. का ते विचारू नकोस. नुसतं सांग.

तुझा,
धाकटा

---

दि. ६ मार्च

ताई,

हे पत्र आधी एकटीने वाच. स्वयंपाकघराचं दार लावून घे.

तुझा निरोप मिळाला. तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या आणि भावजी त्यामुळे जास्तच घाबरले. 'दोष सापडत नाही म्हणजे मोठंच काहीतरी असणार' असं म्हणतात म्हणे. ताई, दोष सापडणार नाही, कारण त्यांच्या हातांत दोष नाहीच आहे.

आता सगळं ओळीने सांगतो. मध्येच बोलू नकोस.

मैदानात मी पास झालो ते खरं. पण मैदानात भ्यायला काही नसतं. पुढच्याच आठवड्यात एका टाकीवर काम करताना एक घार ड्रोनवर झेपावली. मी दचकलो आणि अंगठे आपसूक जुन्या वळणावर गेले. मला मागे यायचं होतं, ड्रोन सरळ खाली गेला, दोन मजले. कसाबसा सावरला. कुणी पाहिलं नाही. त्या दिवसापासून डाव्या पद्धतीने कंट्रोलर हातात घेतला की माझी बोबडी वळायची. म्हणून मी चोरून सेटिंग बदलायला लागलो. आमची कामाची वाटणी तुला माहीत आहे, लांबच्या फेऱ्या मी मारायच्या आणि भिंतीजवळचं बारीक काम भावजींनी करायचं, कारण त्यांचा हात हलका. मी माझ्या फेऱ्या उजव्या पद्धतीने मारायचो, बॅटरी बदलायला ड्रोन खाली उतरवायचो, गुपचूप सेटिंग डाव्यावर आणायचो आणि मग त्यांना द्यायचो. महिनाभर निभावलं.

कंट्रोलर देताना आमच्यात एक बोलायची रीत आहे. देणाऱ्याने म्हणायचं, "डावी वर, उजवी पुढे." घेणाऱ्याने तेच परत म्हणायचं. मगच हात सोडायचा. ही रीत भावजींनीच पाडलेली.

त्या दिवशी कारखान्याचं धुराडं तपासत होतो. वर तो रंगारी दोराला लटकून पट्टे रंगवत होता, त्याच्या बाजूला चार हातांवर आम्हाला तपासायची ती भेग होती. ड्रोन तिच्यासमोर स्थिर होता. इतक्या जवळ काम करायचं म्हणून अडथळा दिसला की आपोआप थांबायची सोय आम्ही बंद ठेवतो. मी म्हटलं, बॅटरी बदलतो. भावजी म्हणाले, "अरे आहे तिथेच आहे भेग, हवेतच दे. परत शोधत कुठे बसतोस!" आणि हात पुढे केला. मी म्हणालो, "डावी वर, उजवी पुढे." ते म्हणाले, "डावी वर, उजवी पुढे." आणि मी कंट्रोलर सोडला.

कंट्रोलर उजव्यावर होता.

त्यांनी जरा वर जायला डावी स्टिक ढकलली, तर ड्रोन पुढे गेला, भिंतीकडे. त्यांनी मागे घ्यायला उजवी खेचली, तर तो खाली आला आणि भिंतीला घासत रंगाऱ्यावर गेला. तो ओरडला ते अजून माझ्या कानात आहे. पुढचं तुला माहीत आहे: खांदा मोडला, दोन बोटं खोल चिरली. जीव वाचला तो सुरक्षेच्या दुसऱ्या दोरामुळे.

सगळे तिकडे धावले. भावजींनी कंट्रोलर टाकला होता, तो गवतात पडला होता. मी तो उचलला. आणि ताई, सेटिंग पुन्हा डाव्यावर केलं. पाच सेकंदही लागले नाहीत. तोवर तो दोरावर तसाच लोंबकळत होता.

ड्रोनच्या आत नोंद राहते, पण ती कुठली स्टिक हलली याची नाही, काय हुकूम पोचला याची. नोंदीत आलं: आधी पुढे, मग खाली. साहेबांनी ते सगळ्यांसमोर वाचलं. भावजींनी आपले दोन्ही हात पालथे केले, सुलटे केले, आणि बघत राहिले. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं.

दिवसभर मला नुसती भीती वाटते. साहेबांनी हाक मारली तरी भीती. कुणी कंट्रोलरला हात लावला तरी भीती. आणि सगळ्यात जास्त भीती तुझी. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, माझ्या शाळेच्या चपला स्वतः शिवल्यास, आणि मी तुझ्या नवऱ्याचे हात काढून घेतले.

मी विसरलो, ताई. हवेत दिल्यामुळे बदलायचं राहिलं. हे पत्र भावजींना वाचून दाखव आणि त्यांना सही करू देऊ नकोस. बुधवारी मी स्वतः साहेबांना सांगणार आहे. आणि त्यांना म्हण, छकुलीला उचला. आत्ता, पत्र वाचून झाल्या झाल्या.

धाकटा

---

दि. २६ मार्च

ताई, भावजी,

दोघांनाही नमस्कार. या वेळी पत्र दोघांना आहे, दोघांनी एकत्र वाचा.

भावजी, तुमची चिठ्ठी ऑफिसच्या पत्त्यावर आली. अक्षर अगदी पूर्वीसारखं, एकही ओळ वाकडी नाही. 'विसरणं माणसाला होतं, मीही हवेतच मागितला, दोघांची चूक निम्मी निम्मी.' छकुलीने तुमच्या खांद्यावर बसून पंख्याचं बटण दाबलं आणि मग सबंध दिवस बंद-चालू, बंद-चालू केलं, हेही ताईने लिहिलं. ते वाचून मी खोलीत एकटाच मोठ्याने हसलो. कितीतरी दिवसांनी.

चौकशीतही तुम्ही माझ्या बाजूने उभे राहिलात. तुम्ही बोललात म्हणून सहा महिने उडवायचं नाही एवढ्यावर भागलं, नोकरी राहिली. साहेबांनी पाठीवर हात ठेवला. "मागाहून का होईना, कबूल केलंस," म्हणाले. टेबलावरच्या बाईंनी मला पहिल्यांदा स्वतःहून चहा दिला. काल रंगाऱ्याला भेटून आलो. त्याचा हात अजून गळ्यात आहे. म्हणाला, "दोन बोटं वळत नाहीत, पण ब्रश धरायला तीन पुरे. तुमच्या भावजींना सांगा, माझा त्यांच्यावर राग नाही. आणि तुमच्यावरही नाही. विसरतं हो माणूस, मी चुलीवर दूध विसरतो." त्याची बायको खिडकीशी बसून त्याची पँट शिवत होती. तिने वर पाहिलं नाही.

सगळ्यांनी मला माफ केलं आहे. पंधरा दिवस झाले, जो भेटतो तो माफ करतो. आणि भीती जात नाही. उलट वाढते आहे. आता मला जेवण जात नाही, हे खरंच.

मी विसरलो नव्हतो.

त्या दिवशी भावजींनी हात पुढे केला तेव्हा मला आठवत होतं. कंट्रोलर उजव्यावर आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. 'थांबा, उजवी वर आहे' हे शब्द अगदी ओठांवर होते. पण साहेब आमच्या मागेच उभे होते, डोळ्यावर हात धरून वर बघत. त्यांच्या देखत ते म्हटलं असतं तर महिनाभराची चोरी उघडी पडली असती आणि माझं उडवणं तिथेच संपलं असतं. मी मनात हिशेब केला: भावजी आधी नुसतं बघतील, भेग डोळ्यात भरून घेतील, मग हलवतील. ते नेहमी तसंच करतात. तेवढ्यात साहेब गाडीकडे जातील, मी हळूच कानात सांगेन. म्हणून मी तोंडाने रीत पूर्ण केली. खोटं बोललो, जाणूनबुजून, तुमच्या डोळ्यांत बघून. साहेब गाडीकडे गेले नाहीत. तुम्ही थांबला नाहीत, कारण मी सांगितलेल्यावर तुमचा विश्वास होता. मी तोंड उघडलं तोवर ड्रोन भिंतीला लागला होता.

सहा तारखेच्या पत्रात हे लिहायला बसलो होतो. 'मी विसरलो' हे त्याच्या जागी लिहून मोकळा झालो. तेवढं चालून जाईल असं वाटलं, आणि चाललं. तुम्ही निम्मी चूक अंगावर घेतलीत. ती निम्मी तुमची नाही भावजी, तिच्यातला एक कणही तुमचा नाही.

उद्या सकाळी साहेबांकडे जातो आहे. हे सगळं कागदावर लिहून दिलं की नोकरी जाईल, पुढे पोलीसही येतील कदाचित. त्याची भीती वाटते, नाही असं नाही. रंगाऱ्याकडे तर साहेबांच्याही आधी जाणार आहे. त्याची बायको या वेळी तरी वर बघेल.

हे पत्र त्या सगळ्याच्या आधी पेटीत टाकतो आहे, म्हणजे मागे फिरायला जागा उरणार नाही.

उत्तर द्यायचंच असलं तर भावजींनी द्यावं, आणि मनात येईल ते लिहावं, राखून ठेवू नये. ताई, तू मात्र लिहू नकोस. तू हेही पोटात घालशील, आणि मला त्याचीच भीती वाटते.

धाकटा