जोड उघडा ठेवायचा

प्रिय मोतालेब,

सलाम. तुझी तब्येत विचारत नाही, तू बराच असशील. ‘प्रिय’ हात सवयीने लिहून गेला. खोडलं नाही, एवढंच समज. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू हसतोस, ‘भाई, जेवलात का?’ म्हणतोस आणि विषय तिथेच बुडतो. कागदावर तुला हसता येणार नाही.

पौषात तू रोमेचाची टोमॅटोची कलमं होडी भरून नदीपलीकडे तिच्या माहेरी, बोइखालीला, विकायला नेलीस. ती सगळी मेली. बोइखालीच्या बायका वाळकी रोपं उपटून बांधावर फेकतात आणि तुझ्या भाबीच्या नावाने बोटं मोडतात. परवा ती तिकडे भाच्याच्या अकिक्याला, बाळाच्या जावळाच्या जेवणाला, गेली होती. तिला पाट दिला, जेवू घातलं, पण पानाचं तबक तिच्यासमोरून पुढे सरकलं. आपल्याकडे याचा अर्थ काय, हे मी तुला सांगायला नको. घाटावर तोंड धुऊन ती घरी आली आणि म्हणाली, “ऊन फार होतं.” फाल्गुनातलं ऊन, मोतालेब! त्या उन्हाने कोणाचे डोळे सुजतात?

वादळात बांध फुटून खारं पाणी आत आलं, ते वर्ष आठवतं का? पाणी ओसरलं, पण मीठ राहिलं. नंतर जे लावू त्याची पानं कडेने करपत. रोमेचाने मातीचे उंच ढीग घातले, त्यावर पेंढा पसरला, रोपांच्या मुळाशी मडकी पुरून तळ्यातलं पावसाचं पाणी त्यांत भरलं. थोडं जगलं, बरंच गेलं. मग कृषी कार्यालयातल्या बाईंनी तिला कलम शिकवलं. खाऱ्या चराच्या काठाने आपोआप माजतं ते काटेरी रानवांगं खाली, आणि त्यावर टोमॅटोचा कोवळा शेंडा. शेजारचा हातेम कुंपणावरून ओरडला होता, “वांग्याच्या पायावर टोमॅटोचं डोकं! वहिनी, उद्या बकरीला बदकाची चोच लावशील!” ती म्हणाली, “लावीन की, पण अंडी तुला देणार नाही.” चैत्रात सगळ्यांच्या वाफ्यांवर मीठ पांढरं फुटलं, आणि आपल्या अंगणात टोमॅटो लाल झाले. हातेमच पहिला टोपली घेऊन आला.

जो आला त्याला तिने शिकवलं. काही झाकून ठेवलं नाही. बजावायची ते एकच. “जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. मातीची भर द्यायची सवय इथे विसरा.” टोमॅटोच्या खोडाला माती लागली की तिथे त्याची स्वतःची मुळं फुटतात, ती खाली जाऊन मीठ पितात, आणि मग वांग्याचे पाय असून नसल्यासारखे. हे तुला ठाऊक नव्हतं असं म्हणू नकोस. चटईवर तिच्याशेजारी बसून तू जोड बांधत होतास. “माझ्या दिराचा हात माझ्याहून हलका आहे,” असं ती साऱ्या गावाला सांगायची.

काल हाटात आंबिया खाला भेटली, रोमेचाची मावशी. माझ्या सलामाला उत्तर दिलं नाही. म्हणाली, “जावई, तुमच्या बायकोला आमच्याशी काय वैर होतं? तिनेच निरोप धाडला ना, कापलेलं झाड उघडं ठेवलं तर नजर लागते, बिस्मिल्ला म्हणा आणि जोड मातीखाली दाबा? आम्ही दाबला. आता चुलीत घालू का ती रोपं?” मी म्हटलं, “खाला, हा निरोप रोमेचाचा नाही.” ती म्हणाली, “मग कोणाचा? रोपं घेऊन तर तिचा दीरच आला होता.”

 खालाला एवढंच बोललो की शुक्रवारी उत्तर घेऊन येतो.

तू चुकला नाहीस, मोतालेब. चुकला असतास तर मी हे पत्र लिहिलं नसतं. जोड उघडा राहिला असता तर बायकांनी तो पाहिला असता, बोटाने चाचपला असता आणि पुढच्या पौषात आपापल्या अंगणात बांधला असता. मग तुझ्या होडीची वाट कोण पाहणार? म्हणून तू तो पुरायला लावलास. कदाचित तुला वाटलं असेल, थोड्या मातीने काय होतंय. काय झालं ते बघायला ये. आणि त्या मातीवर तू अल्लाचं नाव दाबलंस. कालपासून नमाजाला उभा राहतो, ते पवित्र शब्द ओठांवर येतात आणि मला बोइखालीची मेलेली रोपं दिसतात. हे तू माझ्याकडूनही हिरावून घेतलंस.

शुक्रवारी ये. जुम्म्याच्या नमाजानंतर बोइखालीच्या मशिदीच्या अंगणात उभा राहा आणि निरोप कोणाचा होता ते तुझ्या तोंडाने सांग. तू आला नाहीस तर मी सांगेन. भावाचं नाव घेऊन, सगळ्यांसमोर सांगेन. माझी जीभ अडणार नाही.

पण एका माणसाला मला सांगता येत नाही, म्हणून हा कागद. रोमेचाला अजून काहीच ठाऊक नाही. तिला वाटतं, तिचाच हात बिघडला. काल तिने चरातली रानवांगी मुळासकट उपटली आणि कलमाचं पातं गवताच्या छपरात खोचून ठेवलं. ती या घरी नवरी म्हणून आली तेव्हा तू तिच्या पदराला धरून चालायला शिकत होतास. तुझं नाव मी तिच्यापुढे कोणत्या तोंडाने घेऊ? मशिदीत जाण्याआधी घरी ये आणि आधी तिला सांग. आज सकाळी अंगणातल्या शेवटच्या झाडाचे टोमॅटो तिने पेंढ्यात गुंडाळले. मला विचारते आहे, “मोतालेबला आवडतात, कोणाबरोबर धाडू?” मी म्हटलं, तो स्वतःच येतोय.

अजून तरी तुझाच,
आजहार भाई