हाक आली नाही म्हणजे सगळं ठीक

३ फेब्रुवारी, मंगळवार

अखेर ताईला धरून नेलंच! तीन महिने खोकतेय. गाद्यांच्या कारखान्यात तिच्या टेबलावरच्या सगळ्याच बायका खोकतात, त्यामुळे खोकला हा तिला कामाचाच भाग वाटतो. "कापसाचा आहे गं. सुटीच्या दिवशी कमी होतो." काही कमी होत नाही. सुटीच्या दिवशी ती माझ्याकडेच असते, मला ऐकू येतं.

आज आमच्या दवाखान्यात कर्मचाऱ्यांचे छातीचे वार्षिक फोटो होते. जेवणाच्या सुटीत तिला मागच्या दाराने आत घेतलं. नोंदणीच्या खिडकीवर बसणारी मीच, आणि तिची नोंद केली नाही! नोंद म्हणजे रांग, रांग म्हणजे तीन आठवडे. फोटोवाले काका म्हणाले, "नोंद कशाला? आपलीच माणसं." आधी माझा काढला, मग तिचा. "श्वास रोखा" म्हटल्याबरोबर बाई खोकल्या. दोनदा काढावा लागला, हललेला काकांनी फेकून दिला. दोन्ही फोटोंवर नुसता 'कर्मचारी' असा शिक्का, आणि दोन्ही माझ्याच पाकिटात.

एरवी नंबर नसलेला कागद मी खिडकीतून परत सरकवते. कोणी कितीही गयावया करो. आज मात्र आपला तो बाब्या!

आमच्याकडे कर्मचाऱ्यांना अहवाल देत नाहीत. पाकिटं मोठ्या डॉक्टरांच्या कपाटात जातात, ते सवडीने बघतात आणि काही असलं तर हाक मारतात. सतरा वर्षांत मला एकदाही हाक आलेली नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

हाक नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आजही नाही. ताईला फोन करून सांगितलं – छाती स्वच्छ! "मी काय म्हणत होते?" म्हणाली. आता महिनाभर ऐकवणार.

६ मार्च, शुक्रवार

ताईच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी लाल औषध दिलं. मागच्या वेळी हिरवं होतं.

९ एप्रिल, गुरुवार

लाल औषध संपलं, खोकला जिथल्या तिथे. आता पाच दिवसांच्या गोळ्या, दुसऱ्यांदा. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी विचारलं म्हणे, "छातीचा फोटो काढलाय का?" ही म्हणाली, "काढलाय की, फेब्रुवारीत. बहिणीच्या दवाखान्यात. एकदम चांगला आहे." मग त्यांनी पुढे काही विचारलं नाही. माझ्या शब्दावर सगळं चाललंय हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. का कोण जाणे.

माझा उजवा खांदा धरलाय. वरच्या फळीवरच्या फायली काढून काढून. ताईने बाम चोळून दिला आणि चोळता चोळता माझ्या डोक्यावर खोकली.

२१ मे, गुरुवार

ताई आज माझ्या तीन जिन्यांत दोनदा थांबली. कठड्याला धरून उभी राहिली आणि वर बघून म्हणाली, "जिने वाढवलेत का गं?"

हसले मी. ही तीच ताई – मला पाठीवर घेऊन अख्खी गल्ली पालथी घालायची. एकदा मला घेऊनच भिंतीवरून पडली. मला खरचटलंसुद्धा नाही, तिचं डाव्या बाजूचं गळ्याजवळचं हाड मोडलं. वाकडंच जुळलं. अजून तिथे गाठ लागते हाताला. माझ्यावर चिडली की तीच गाठ दाखवते. "बघ, तुझी निशाणी!"

८ जुलै, बुधवार

नीट लिहिते.

नव्या डॉक्टरीणबाई सोमवारी रुजू झाल्या. आज त्यांनी मोठ्या डॉक्टरांचं कपाट रिकामं करायला सांगितलं. उघडलं तर कर्मचाऱ्यांची सगळी पाकिटं जशीच्या तशी. दोरासुद्धा सोडलेला नाही. मोठे डॉक्टर जानेवारीअखेर निवृत्त झाले, हे काय मला माहीत नव्हतं? त्यांच्या निरोपाला मीच तर खुर्च्या मांडल्या! पण ते गेल्यावर फोटो कोण बघणार, हा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही. हाक मारणारं माणूसच नव्हतं, आणि आम्ही सगळे हाक आली नाही म्हणून निर्धास्त!

काखेत कळसा म्हणतात तो हाच. पाच महिने माझ्या खुर्चीपासून दहा पावलांवर.

पाकीट घेऊन तशीच बाईंकडे गेले. त्यांनी दोन्ही फोटो दिव्यावर लावले. एकावरून त्यांची नजर लगेच सरकली. दुसऱ्यावर थांबली. पेनाचं टोक उजव्या फुफ्फुसावर, अगदी वर टेकवलं.

"इथे सावली आहे. हा कोणाचा?"

"ताईचा," मी म्हटलं. "तिलाच खोकला आहे."

कॅन्सर हा शब्द त्यांनीच उच्चारला. असेलच असं नाही, पण नाही म्हणता येत नाही. पुन्हा फोटो काढू का, विचारलं. "नको. पाच महिने आधीच गेलेत. आता फोटोवर थांबायचं नाही, सरळ स्कॅन." स्कॅन आमच्याकडे होत नाही, मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागतं. माझा फोटो मी पाकिटात घालून कपाटात टाकला.

९ जुलै, गुरुवार

ताईला सांगितलं. सावली आहे एवढंच. पाच महिन्यांचं काही सांगितलं नाही. ती गादीची कड शिवत होती, तशीच शिवत राहिली. दोरा संपल्यावर म्हणाली, "तू तर स्वच्छ म्हणाली होतीस."

१६ जुलै, गुरुवार

स्कॅनचा अर्ज परत आला! 'मूळ फोटोचा नोंदणी क्रमांक नाही.' खाली तिथल्या नोंदणीवालीची सही – गोल, नीटनेटकी, माझ्यासारखीच. तिला शिव्या तरी कोणत्या तोंडाने द्यायच्या? असे शेकडो कागद मी परत पाठवलेत. त्या प्रत्येकामागे कोणीतरी घरी वाट बघत असेल, हे आज कळतंय.

करायला गेले एक. तीन आठवडे वाचवायला गेले!

फोटोवाले काका खिडकीशी आले. "माझंच चुकलं, मी लिहून देतो," म्हणाले. आम्ही दोघांनी मिळून पत्र लिहिलं. बाईंनी सही केली आणि पुढचा पेशंट आत बोलावला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

२४ जुलै, शुक्रवार

तारीख मिळाली. १८ ऑगस्ट. जवळजवळ चार आठवडे! बाईंनी माझ्यासमोर फोन करून आधीची मागितली. नाही म्हणजे नाही. त्यांच्या यादीत सगळेच तातडीचे आहेत.

२ ऑगस्ट, रविवार

ताई कपाट आवरत बसली होती. हे तुला, हे शेजारणीला, हे टाकून दे. मी भांडले. ती म्हणाली, "अगं, मेल्याशिवाय आवरू नये असा नियम आहे का?" मग दोघी हसलो. मग ती खोकायला लागली आणि थांबेचना. पाणी देताना माझाच हात उचलेना, खांदा इतका दुखतोय. बारीक झालीस म्हणाली मला. म्हणावं, आधी स्वतःकडे बघ! काळजीने अन्न जात नाही, दुसरं काय.

१८ ऑगस्ट, मंगळवार

मशीन बंद. सकाळी सातपासून बाकावर बसलो आणि अकराला शिपाई येऊन सांगतो, "आज होणार नाही, पुर्जा यायचाय." माझं डोकंच फिरलं. ओरडले मी, सगळ्यांदेखत. सतरा वर्षं खिडकीच्या आतून लोकांना 'ओरडून काही होणार नाही' म्हणत आले. खरंच काही होत नाही. २७ तारीख दिली.

१९ ऑगस्ट, बुधवार

आज ताईला सगळं सांगून टाकलं. कोणी फोटो बघितलाच नव्हता, मी कोणाला विचारलं नव्हतं, तरी छाती ठोकून स्वच्छ म्हटलं. पाच महिने माझ्यामुळे गेले. आणि अर्ज परत आला तोही माझ्यामुळे.

मला वाटलं, आता गळ्याजवळची गाठ दाखवणार. नाही दाखवली. म्हणाली, "तू ओढत नेलं नसतंस तर तो फोटोही निघाला नसता. मी काय आपल्या पायाने आले असते?" मग थोड्या वेळाने, "पण पुन्हा असं खोटं सांगू नकोस. मला राग आलाय. जरा येऊ दे."

येऊ दे. मला बरंच वाटलं त्या रागाचं.

२७ ऑगस्ट, गुरुवार

स्कॅन झाला! आत जाताना तिने बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या. त्या अजून गरम होत्या. अहवाल बुधवारी.

३० ऑगस्ट, रविवार

मला तिच्याआधी काही झालं तर चालेल, असं आज मनात म्हटलं. कोणाला म्हटलं कोण जाणे. तिच्याशिवाय मला येत नाही राहायला.

२ सप्टेंबर, बुधवार

ताईच्या छातीत काही नाही! धुळीने सुजलेल्या नळ्या, श्वासाने ओढायचं औषध, कामावर तोंडाला फडकं – बस. ती आमच्या नोंदणीच्या खिडकीसमोर बसून रडली, हसली, काकांना उगाचच ओरडली.

मला डॉक्टरीणबाईंनी आत थांबवून घेतलं. दार लावलं. ताईचा स्कॅन आणि फेब्रुवारीतला तो सावलीचा फोटो शेजारी शेजारी लावले होते. स्कॅनमध्ये डावीकडचं गळ्याजवळचं हाड मोडून वाकडं जुळलेलं, गाठीसकट. फोटोतली दोन्ही हाडं सरळ. कधीच न मोडलेली.

"त्या पाकिटात दुसरा फोटो कोणाचा होता?"

मी उजवा खांदा धरून उभी होते. बाहेरून ताईची हाक आली, "अगं, येतेस ना? झालं की आता सगळं!"