टपालाने आलेले गोरेपण

कोपरगाव, १२ मार्च १९९७

जाहिरात वाचून टपालाने मागवलेल्या गोरे होण्याच्या क्रीमने पुतणीचा, सुनंदाचा, गाल भाजला. पुण्यात मुली दुकानात हातावर लावून पाहतात. इथे पैसे भरल्याशिवाय पार्सल उघडताही येत नाही.

त्वचेला रंग कशामुळे येतो, हे मी तिला आकृती काढून, अगदी उत्साहाने समजावले. शांतपणे ऐकून म्हणाली, "पटलं काका. रविवारी पाव्हणे बघाया येतील, त्यांनाबी आकृती काढून दाखवा."

मी आकृतीचा कागद दुमडला. तो लालभडक गाल...

मग हळूच म्हणाली, "शनिवारी पुन्याला चाललात ना? तिथल्या दुकानातलं आनाल का?"

इतकी वर्षे विज्ञान शिकवले, आणि मी हो म्हणालो.