देव तांदळात, आम्ही हेलसिंकीत

आई, तुमचे देव तांदळाच्या डब्यात ठेवून आम्ही दोघं तीन दिवस हेलसिंकीला जाऊन आलो. घराला कुलूप लावलं, पुढच्या दाराला आणि मागच्याही. सकाळची पूजा नाही, नैवेद्य नाही, दिवेलागणीला देवापाशी दिवा नाही. दुसऱ्या कुणी तुमच्या कानावर घालण्याआधी मीच सांगते, आणि माफी मागायला म्हणून सांगत नाहीये. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. त्याआधी सोळा वर्षं तुम्ही आमच्या लंडनच्या, ईलिंगच्या घरात होतात. या सत्तावीस वर्षांत नवराबायको म्हणून आम्ही दोघंच कुठे गेलो असू तर डॉक्टरकडे, आठवड्याचा बाजार करायला आणि फार तर कुणाकडे चहाला. तेव्हा हे तीन दिवस माझ्या हक्काचे होते, आणि ते मी घेतले.

तिकिटं तुमच्या नातीने काढली. लग्नाचा तिसावा वाढदिवस, म्हणून एका रविवारी जेवणाच्या टेबलावर लिफाफा ठेवला. तुमचे चिरंजीव लगेच म्हणाले, "अगं पण देवांचं काय? आईने माझ्या हवाली केलेत." तुम्ही असेपर्यंत आई नको म्हणते, आणि तुम्ही गेल्यावर देव नको म्हणतात, हे मी इतकी वर्षं ऐकत आलेय. पोरगी मात्र इथलीच. म्हणाली, "बाबा, बुकिंग झाला आहे. नॉन-रिफंडेबल. तू देवाला सॉरी म्हण ना, ही विल अंडरस्टँड." मी हसू दाबत उठले आणि मोठा डबा धुवायला घेतला. गावाला जाताना देव तांदळात ठेवायची रीत माझ्या माहेरची. तुम्हाला ती पटत नव्हती, पण आता विचारायला तुम्ही नव्हता.

आणि विचारायची आपली पद्धत तरी काय होती! तुमचं माझं सरळ बोलणं स्वयंपाकापुरतं. किती पोळ्या, कुकर लावला का, दूध उतू गेलं. बाकी सगळं यांच्यामार्फत. इथल्या मराठी मंडळाची सहलीची बस स्कॉटलंडला निघाली तेव्हा मी वर खोलीत यांना म्हटलं, "आईंना विचारा ना, आपण दोघं जायचं का." हे खाली तुमच्या खोलीत गेले, दार लोटलं, थोड्या वेळाने वर आले. "आई नको म्हणते." पुढे पॅरिसच्या वेळी तेच, लेस्टरला माझ्या बहिणीकडे दोन रात्री राहायचं होतं तेव्हाही तेच. मी काम करायचे त्या शाळेच्या किचनमध्ये मला सुपरवायझर करणार होते, पण घरी यायला साडेपाच झाले असते. तेव्हाही हे खाली गेले आणि वर आले. "आई म्हणते, दिवेलागणीला घरात बाई हवी." जिन्यावरची त्यांची पावलं ऐकूनच मला उत्तर कळायला लागलं होतं. मी तोंडातून शब्द काढत नसे, दुसऱ्या दिवशी भाजी मात्र जरा जास्त तिखट व्हायची.

एकदा तुम्ही स्वतः बोललात. डिसेंबरातला शनिवार होता. यांच्या ऑफिसातल्या कुणाकडे चहाला जाऊन आम्ही साडेपाचला परतलो. इथे हिवाळ्यात चारलाच काळोख होतो, त्याला मी काय करणार? तुम्ही स्वयंपाकघरात दिवा न लावता बसला होतात. मी बटण दाबलं तर माझ्याकडे न बघता म्हणालात, "भटकायची हौस असेल तर लग्न कशाला केलंत?" माझ्या अंगावर कोट तसाच होता. तो न काढता मी कणीक भिजवायला घेतली. ते वाक्य मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. तेवढं तुमच्या नावावर राहू दे.

तर हेलसिंकी. पहिल्याच सकाळी हॉटेलच्या बाथरूममध्ये जाते तर काय, टूथब्रशच्या ग्लासाशेजारी तुमचा बाळकृष्ण! रांगता, हातात लोणी, अंगावर पाण्याचे थेंब. यांनी त्याला गुपचूप दाढीच्या सामानात घालून आणला होता आणि नळाखाली आंघोळही घातली होती. मी बाहेर येऊन नुसतं बघितलं. "अगं, बाकीचे सगळे ठेवले ना तांदळात," हे म्हणाले. "हा एवढासा तर आहे. हँड लगेजमध्ये कळलासुद्धा नाही." मी म्हटलं, "म्हणजे आपण तिघं आलोय तर." त्यांनी बाळकृष्ण रुमालात गुंडाळला आणि जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवला. दिवसभर तो खिसा चाचपत होते.

पण दिवस फार सुरेख होता, आई. तुम्हाला झोंबलं तर झोंबू दे. बंदराला लागूनच बाजार भरतो. तिथे मटाराच्या शेंगा लिटरच्या मापाने मोजून कागदी पिशवीत देतात आणि लोक त्या चालता चालता सोलून कच्च्याच खातात. सूटबूट घातलेले साहेबसुद्धा. मीही घेतल्या. मटार सोलण्यात माझा हात कोण धरणार? यांची एक शेंग होईतो माझ्या चार. दुपारी एका टपरीवर लोण्यातले कोवळे बटाटे घेतले तर वर भरपूर शेपू! एवढ्या लांब येऊन शेपूच. आम्ही दोघंही खदखदून हसलो, शेजारच्या टेबलावरची म्हातारी वळून बघायला लागली. ट्रामने फिरलो, पांढऱ्या चर्चच्या उंच पायऱ्यांवर बसलो. मी बूट काढले. यांनी चक्क माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. एवढ्या उघड्यावर, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच असेल. ईलिंगच्या बाजारातून हे माझ्या चार पावलं पुढे चालतात.

संध्याकाळी बोटीने समोरच्या बेटावर गेलो. तिथे जुना किल्ला आहे, तटावर गवत वाढलेलं, खाली खडकांवर लोक ऊन खात पडलेले. साडेसात वाजले होते आणि ऊन दुपारी चारचं असावं तसं. यांनी घड्याळ बघितलं, खिसा चाचपला. "निघू या का? याच्यापुढे दिवा लावायची वेळ झाली." मी म्हटलं, "कसली वेळ? अकरापर्यंत अंधार पडायचा नाही इथे." "तरी पण. आईला चाललं नसतं."

झालं. माझा तोल गेला. "तुमच्या आईने जिवंतपणी मला कुठे जाऊ दिलं नाही, आता मेल्यावर तरी सोडा म्हणावं मला," मी म्हटलं, मोठ्यानेच म्हटलं. आजूबाजूला कुणाला मराठी कळणार होतं?

यांनी खिशावरचा हात खाली घेतला. मग म्हणाले, "आई नाही म्हणाली नव्हती."

"कधी?"

"स्कॉटलंडच्या वेळी. ती म्हणाली होती, तिला चांगला कोट घेऊन दे आणि जा. देवांचं मी बघते. मलाही चार दिवस घरात माझं माझं राहू दे."

"आणि पॅरिस? माझी नोकरी?"

"तुझी नोकरी तर तिला आवडली होती. दिवाबत्तीचं माझं मी बघेन म्हणाली." मग म्हणाले, "मलाच नको होतं गं. चार दिवस बसमध्ये त्या लोकांशी काय बोलायचं? आणि घरी आलो की तू असावीस, चहा असावा, असं वाटायचं. सरळ नाही म्हटलं असतं तर तू भांडली असतीस. आईचं नाव घेतलं की गप्प बसायचीस."

आई, मी उठले. "बसा तुम्ही आणि तुमचा बाळकृष्ण," म्हटलं आणि धक्क्यावर उभी असलेली बोट एकटीने पकडली. परक्या देशात, भाषेचं एक अक्षर कळत नसताना, दोन तास एकटी हिंडले. घाबरले नाही. आइसक्रीम खाल्लं, बाकावर बसून रडले, परत हिंडले. हॉटेलवर आले तर हे दारातच उभे, चेहरा एवढासा झालेला. मी तशीच आत गेले. अजूनही धड बोलत नाही. परत आल्यावर देव तांदळातून काढून त्यांच्या पुढ्यात ठेवले आणि सांगितलं, आजपासून पूजा तुमची, दिवा तुमचा, संध्याकाळचा चहाही तुमचा. सप्टेंबरात मी बहिणीबरोबर पॅरिसला जातेय. त्यांना विचारलेलं नाही, कळवलंय.

हे लिहिताना त्यांनी दारातून डोकावून विचारलं, "काय लिहितेस एवढं?" मी म्हटलं, "यादी." हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. आता तुमच्यावरचा सगळा राग मी मागे घेईन असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं होणार नाही. तुम्हालाही कधी जिना चढून वर येता आलं असतं. माझा चेहरा दिसत होता ना तुम्हाला?

पण एक सांगते. सोळा वर्षांत तेरा पायऱ्या उतरून मीही तुम्हाला कधी विचारलं नाही. तुम्ही नाही म्हणाल ही भीती नव्हती. हो म्हणाला असतात, तर मला यांच्यावर रागवावं लागलं असतं. तुमच्यावर रागवणं सोपं होतं.