चकतीचा उतार

जालना,
शुक्रवार, ८ मे

प्रिय इस्माईलचाचा,

सलाम. डोळ्याचं ऑपरेशन बराबर झालं हे आपल्या लेथवरच्या मच्छिंद्रकडून कळलं. पट्टी निघाली तरी महिनाभर वाचायचं न्हाई असं डॉक्टरांनी बजावलंय म्हणे, म्हणजे हे पत्र तुमची नात महजबीनच वाचून दाखवत असणार. महजबीन, बाई, सावकाश वाच आणि मधलं काही गाळू नकोस. फोन का केला न्हाई म्हणाल, तर तीनदा लावला आणि तिन्ही वेळा तुम्ही उचलायच्या आत मीच ठेवला. तोंडानं मला नीट बोलता येत न्हाई, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक!

तुम्ही कारखाना सोडून गेल्यावर काय काय झालं ते सांगते. गेल्या खरिपात आपली सत्तावीस पेरणी यंत्रं विकली गेली आणि त्यातल्या नऊ जणांच्या तक्रारी आल्या. सोयाबीन धड उगवलंच न्हाई, ओळीत हातहातभर जागा रिकामी. मी बियाण्याच्या कंपनीवर ढकललं. शेतकरी म्हणाले, बी घरचं होतं. मंग मी जमिनीवर ढकललं. एक जण तर म्हणाला, ताई, आता आमच्या नशिबावर ढकला, तेवढंच राहिलंय.

दिवाळीनंतर एका योजनेची माहिती मिळाली. विद्यापीठातले लोक लहान कारखान्यांत येतात, यंत्र तपासतात, सुधारून देतात. मी अर्ज टाकला. जानेवारीपासून अंजू मॅडम आणि त्यांच्या हाताखाली शिकणारी चार पोरं दर गुरुवारी येऊन राह्यलीत. मच्छिंद्र पहिल्याच दिवशी पुटपुटला, की आता हे आपल्याला पान्हा धरायला शिकवणार. मलाही तसंच वाटल्तं. पण बाई कामाची निघाली. पहिले दोन गुरुवार ती नुसती यंत्राखाली मांडी घालून बी कुठून कसं पडतं ते बघत बसली. येत्या पंधरा तारखेला त्यांचा अहवाल जायचाय. यंत्र त्यात पास झालं तर अनुदानाच्या यादीत आपलं नाव येईल. न्हाई झालं तर पप्पांची शेड भाड्यानं द्यायची, असं मी घरात सांगून टाकलंय.

त्यांच्याकडे एक लांब रबरी पट्टा आहे. त्याला ग्रीस फासतात, वर यंत्र टांगतात आणि पट्टा पळवतात. बी पडलं की तिथंच चिकटतं, मंग टेप लावून अंतर मोजायचं. आपल्या यंत्राचं मोजलं तर अंतराचं सोडाच, शंभरातलं चौदा बी फुटलेलं. फुटलेलं म्हणजे सरळ डाळ! मी म्हणाले, ग्रीसमुळं झालं असेल. पोरं हसली. मॅडम हसल्या न्हाईत. जुनं, तक्रार न आलेलं एखादं यंत्र मिळेल का, एवढंच त्यांनी विचारलं.

अंकुशनगरच्या आबारावांकडं पप्पांच्या वेळचं यंत्र आहे. ते उचलून आणलं आणि त्याच पट्ट्यावर चालवलं. शंभरातलं दोनच बी फुटलेलं. तोच सांगाडा, तीच पेटी, तीच साखळी. मॅडमनी पेटीतली, बी एकेक करून खाली सोडणारी होलांची चकती काढली, भिंगाखाली धरली आणि मला बोलावलं. प्रत्येक होलच्या खालच्या कडेला कानशीनं काढलेला तिरपा उतार होता. बी त्यावरून घसरून खाली जातं. सरळ कापलेल्या होलात ते कडेवर अडकतं आणि चिरडतं.

चाचा, ती चकती तुमच्या हातची होती. बघितल्याबरोबर मी ओळखली.

पप्पा गेल्यावर मी लेझरवर कापलेल्या चकत्या आणल्या. एकसारख्या, चकचकीत. आणि तुम्ही त्यातली एकेक घेऊन तासतासभर कानस मारत बसायचा. मला वाटायचं, सवय सुटत न्हाई म्हाताऱ्याची. त्या दिवशी तीर्थपुरीची दोन गिऱ्हाइकं उभी होती, सगळी माणसं होती, आणि मी चकती उजेडात धरून मोठ्यानं म्हणाले, की दिसत नसेल तर घरी बसा चाचा, चांगले होल वाकडे करून माल खराब करू नका. तुम्ही एवढंच म्हणालात, बी को लगता, बेटा. त्यावरही मी तोंड चालवलंच, बियाला काय लागतंय म्हणून! तुम्ही हात धुतले, कानस पुसून ठेवली आणि गेलात. तीस वर्षं काम केलेला माणूस, आणि मी कुणाला तुमच्या मागं फाटकापर्यंतसुद्धा पाठवलं न्हाई. रुसलेत, येतील चार दिवसांत, असं म्हणत राहिले. पुढं ईदला शकीलाचाचींनी नेहमीसारखा शीरखुर्म्याचा डबा पाठवला. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली न्हाई.

पोरांनी तुमचा उतार मोजून नव्या चकत्या केल्या. सोयाबीन झकास पडलं. मंग तूर भरली, तर ती अडकली. आबारावांकडची तुरीची चकती बघितली, तिचा उतार वेगळाच. हरभऱ्याचा आणखी वेगळा. मॅडमनी विचारलं, हे कुठं लिहून ठेवलंय का? मी म्हणाले, न्हाई, ते चाचांच्या हातात आहे. खोटं कशाला बोलू, जानेवारीत फॉर्म भरताना 'रचना कोणाची' या रकान्यात मी माझं नाव टाकल्तं. मालकीण मी, म्हणून रचनाही माझीच, असा माझा हिशेब. परवा तो कागद मागून घेतला, माझं नाव खोडलं आणि लिहिलं, इस्माईल शेख, फिटर. अहवालातही हेच जाणार. त्यात मेहरबानी बिलकुल न्हाई. तुमचं होतं ते तुमच्या नावावर गेलं. तुरीचा आणि हरभऱ्याचा उतार पोरांना दाखवायला यायचं की न्हाई, ते तुम्ही ठरवा. न्हाई आलात तर सोयाबीनपुरतंच यंत्र पाठवू, जे व्हायचं ते होईल. मी चुकले, चाचा. तुमची माफी मागते.

वरचं सगळं बुधवारी लिहून झाल्तं, तारीख तेवढी आज टाकली. पाकिटात घालताना वाटलं, बोलले ते चारचौघांत आणि माफी मागायची बंद पाकिटात, हा कुठला न्याय? म्हणून काल गुरुवारी लेथ बंद करायला लावली. मॅडम, त्यांची पोरं, आपली सगळी माणसं उभी केली. तीर्थपुरीच्या त्या दोघांनाही फोन करून बोलावल्तं, एक आला. आणि हे पत्र मी पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचलं. तुमच्यासाठी लिहिलं खरं, पण आधी त्यांनी ऐकावं म्हणूनच लिहिलं असावं. तुम्ही हात धुतले तिथपर्यंत मला वाचता आलं. पुढचं मच्छिंद्रनं वाचलं.

तुमचीच,
प्रांजली