जर्नेल, चंपी आणि सर्जेरावाची पोटरी

गुरुवार, ३ फेब्रुवारी १९५५. शेळगाव.
शेजारच्या सर्जेरावाची तक्रार. म्हणे बांधावर आमच्या कुत्र्यांनी त्याची पोटरी फोडली. साफ खोटं! जर्नेल आणि चंपीला मी कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवलंय. तोडलेल्या उसाचा बुडखा लागला असणार. निश्चय : इंचभर मागं हटायचं नाही.

शुक्रवार. सकाळ.
दत्तोबा पाटलांनी बोलावलं. सर्जेरावाची मागणी : पाय बरा होईपर्यंत त्याच्या उसाला दारं आबाजीनं धरायची. आबाजी म्हणजे मी! व्हर्नाक्युलर फायनल पास, सोसायटीचा मेंबर. मी गुडघाभर चिखलात उभा राहून शेजाऱ्याचं पाणी वळवणार, आणि गाव बघणार? कदापि नाही.

संध्याकाळ.
पॉइंट सापडला! कुत्री माझीच कशावरून? पट्टा नाही, लायसेन नाही. येतात, भाकरी खातात, ओसरीत झोपतात. चिमण्याही येतात. हिला सांगितलं तर म्हणाली, चंपीला ताप आल्ता तवा तिच्याजवळ ओसरीत कोण निजलं व्हतं? बायकांना कायदा कळत नाही.

शनिवार.
सर्जेराव म्हणतो, मग खंडोबाच्या देवळात बेलभंडारा उचलून शपथेवर सांगा. उचलू की! देवालाही टेक्निकल बाजू कळत असेलच.

रविवार, ६ फेब्रुवारी.
विजय! बेलभंडारा उचलला, कुत्री माझी नाहीत असं खणखणीत सांगितलं. जर्नेल तेव्हा माझं पाऊल चाटत होता. मी ओळख दाखवली नाही. पाटील म्हणाले, आबाजीवर दोष न्हाय. सर्जेरावानं तक्रार तिथंच सोडली. फक्त म्हणाला, बिनमालकाची हायत तर मी नेतो, पेरूच्या बागंला राखण हुईल. पाटील म्हणाले, न्या की. मला बोलता येईना, हातात भंडारा होता. दोघांना दोरी लावून चालता झाला. अजिबात लंगडत नव्हता, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो. चंपी वळून वळून बघत होती.

सोमवार.
हिनं भाकरी नेहमीएवढीच थापली. उरली. अपील करावं म्हणतो. पण काय सांगून?

बुधवार, ९ फेब्रुवारी.
सर्जेरावाच्या बांधाकडं सहज गेलो. दोघं दोरी तोडायच्या बेतानं माझ्याकडं झेपावली, शेपट्या हलवत, कुईकुई करत. शेजारच्या रानात बायका खुरपत होत्या, म्हणून हात पुढं केला नाही. तेवढ्यात बागेतून सर्जेराव ओरडला, भिऊ नका आबाजी, माझी कुत्री चावत न्हाईत.